कुत्र्यांसकट लोणावळ्याला

तळेगावहून लोणावळा म्हणजे तासाभराचा रस्ता. सकाळी भाजी चिरून ठेवून निघालं, तर दुपारी परत येऊन फोडणी देता येते. त्या वर्षी मात्र आम्हाला तिथं पोचायला पाच दिवस लागले. गणपती नुकते उठले होते, भात पोटरीला आलं होतं आणि आपांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

आपा म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मेव्हणे रेल्वेत होते. ते गेल्यावरही आपा लोणावळ्यातच राहिल्या, एकट्या. मुलगी परदेशात. एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, तेव्हा ऑपरेशननंतर थेंब घालायला आणि स्वयंपाकाला कोणीतरी हवं होतं. आम्ही जाणार हे ठरलेलंच होतं. अडचण कुत्र्यांची होती.

आपांच्या घरात कुत्रं चालत नाही. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की त्या कपड्यावर नमाज होत नाही, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडेही कुत्री पडवीतच असतात आणि माझे नमाजाचे कपडे कपाटात वेगळे ठेवलेले असतात. पण आपांचा सोवळेपणा माझ्यापेक्षा कडक. त्यामुळे कित्येक वर्षं आम्ही त्यांच्याकडे पाळीपाळीनं जात होतो. हे गेले की मी कुत्र्यांपाशी, मी गेले की हे. या खेपेला आपांनी फोनवर सांगितलं, "दोघं या. एकटीला डोळ्याची भीती वाटते." आपांना कशाची भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आमची कुत्री दोन. त्यांची घरातली नावं घरातच राहू देत. थोरली काळी, जाड, बरीच वर्षं झालेली. तळेगाव स्टेशनबाहेर पावसात भिजत बसलेली मिळाली होती. धाकटा तांबडा, वराळ्याच्या एका बांधकामावर जन्मलेला, काटक आणि उगाच भुंकणारा. काळीला जग खाण्याच्या वासावरून कळतं, तांबड्याला आवाजावरून. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. कोणी कशामुळे काय करतं, ते बघत बसायची सवय निवृत्त झाले तरी गेली नाही. या दोघांनी ती वाढवलीच.

गाडी ही ह्यांची कल्पना. हे कारखान्यात मेंटेनन्सला होते. हात रिकामे राहिले की त्यांना झोप लागत नाही. कामगारांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस त्यांनी घेतली, आतली बाकं काढली, एक पलंग, शेगडीचा कट्टा, बेसिन आणि पाण्याची टाकी बसवली. छताला हवेसाठी झाकण केलं. पुढची दोन माणसांची जागा आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाळी ठोकली, कुत्री ड्रायव्हरच्या मांडीवर येऊ नयेत म्हणून. पडदे मी शिवले. आरटीओची कागदपत्रं होईपर्यंत बाहेरून पांढरा रंग देऊन झाला होता. बेत असा, की गाडी आपांच्या अंगणात लावायची. कुत्री गाडीत, आम्ही घरात, सगळे खूश. ऑपरेशनला अवकाश होता म्हणून ह्यांनी त्याला जोड दिली, "जाताना पवनेकडून फिरत जाऊ. गाडीची परीक्षा होईल."

त्याच्याही आधी एक छोटी परीक्षा घ्यायची म्हणून आम्ही उलट्या दिशेला, इंदुरीला गेलो. बिघडली तर ढकलत घरी आणता येईल, हा हिशोब. इंद्रायणीच्या काठी सावलीला गाडी लावली, शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि तिथल्या भुईकोट किल्ल्याचा दरवाजा जवळून बघावा म्हणून आम्ही दोघंही खाली उतरलो. दोन मिनिटांत येतोच म्हणून किल्ली आतच राहिली. दार ओढून घेतलं तेवढंच.

त्या दाराला आतून ह्यांनी स्वतः वेल्डिंग करून एक लोखंडी दांडा बसवला होता. खाली पडला की दार बंद, वर उचलला की उघडं. आम्ही बुरुजाकडे निघालेलं पाहून तांबड्यानं दारावर झेप घेतली. खट्ट असा आवाज आला.

हे थांबले. "दांडा पडला," म्हणाले.

पुढची-मागची दारं आतून लावलेलीच होती. खिडक्यांना गज होते, कुत्र्यांनी उड्या मारू नयेत म्हणून. छतावरच्या झाकणातून आत शिरायला हे चढले खरे, पण ते झाकण त्यांनी हवेसाठी केलं होतं, स्वतःच्या पोटासाठी नाही. वरून त्यांचा आवाज आला, "डोकं जातंय. बाकीचा नाही जात." तेवढ्यात चहा उतू गेला, शेगडी विझली आणि खिडकीतून गॅसचा वास आला. मी खिडकीपासून मागं सरले. हे मात्र घाईनं उतरून गाडीच्या मागं गेले आणि सिलिंडर बंद करून आले. सिलिंडरची पेटी त्यांनी बाहेरून उघडणारी केली होती. "बघ, तू म्हणत होतीस आत ठेवा," एवढं ते म्हणालेच. खिडक्या उघड्या होत्या, नदीवरून वारा होता, वास हळूहळू गेला.

आता प्रश्न दांड्याचा. तो जमिनीपासून गुडघाभर उंचीवर होता, म्हणजे बरोबर काळीच्या नाकापाशी. काळी दारामागं बसून आमच्याकडे शांतपणे बघत होती. तिला काही अडलेलं नव्हतं. किल्ल्यावरच्या कुत्र्यांसाठी मी ओढणीच्या टोकाला दोन टोस्ट बांधून घेतले होते. एक टोस्ट काढून खिडकीतून दाखवला तर ती थेट खिडकीशी उभी राहिली. दांडा जागच्या जागी. मग मला वाटलं, नाक टोस्टच्या मागून जातं, तर टोस्टला दांड्याच्या खालून वर नेलं पाहिजे.

"तुमच्या बुटाची नाडी द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"द्या तर."

टोस्टला नाडी बांधून तो गजांमधून आत, दारालगत खाली सोडला. दांड्याच्याही खाली. काळीनं मान वाकवली. मी नाडी हळूच वर ओढली. तिचं नाक टोस्टच्या मागोमाग वर येऊ लागलं आणि दांड्याच्या बाजूनं निघून गेलं. दुसऱ्या वेळी तांबडा मध्ये घुसला. मग हे पलीकडच्या खिडकीशी जाऊन खोटं खोटं मांजरासारखं ओरडले, तांबडा तिकडे धावला आणि मी पुन्हा नाडी सोडली. या वेळी काळीचं नाक दांड्याच्या बरोबर खाली होतं. टोस्ट वर, नाक वर, दांडा वर. ह्यांनी धावत येऊन दार सरकवलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. वर्गात पहिल्यांदा एखादा प्रयोग जमला की मुलं वाजवायची, तशा.

त्या आनंदात काळीकडे दुर्लक्ष झालं. तिनं टोस्ट खाल्ला होता आणि टोस्टबरोबर नाडीही. बाहेर लोंबणारं टोक धरून ओढावं तर ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं, ओढू नका, आतड्याला इजा होईल, घरी न्या, लक्ष ठेवा, उलट्या झाल्या तर लगेच घेऊन या. तोवर तिनं उरलेलं टोकही गिळलं. आम्ही तळेगावला परतलो. पुढचा सगळा दिवस आम्ही काळीच्या मागं अंगणात फिरत होतो. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, काय शोधताय. हे म्हणाले, "बुटाची नाडी." वहिनी घरात निघून गेल्या. नाडी संध्याकाळी आली, अख्खी. काळी जेवणासाठी ताटलीपाशी जाऊन बसली आणि आम्ही पुन्हा सामान भरलं.

पवनेला आम्ही कामशेतवरून गेलो. धरणाच्या पाण्यालगतच्या एका गावात, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावायला परवानगी मिळाली. पाणी भरलेलं, मागं डोंगर, खाचरांमधून भाताचा हिरवा वास. बेसिनच्या नळातून पाणी आलं, पंखा फिरला, पलंग मोडला नाही. आम्ही लवकर झोपलो.

सकाळी जाग आली ती शेळीच्या ओरडण्यानं. पडदा सरकवला तर बाहेर माणसं उभी. एक आबा बैलाची दोरी धरून, दोन बाया कोंबड्यांची डालगी घेऊन, आणि सगळ्यांत पुढं एक म्हातारी, तिच्या हातात शेळी. शेळीचं पोट टम्म.

हे बाहेर गेले. म्हातारीनं विचारलं, "डाक्टर तुमीच का?"

"नाही मावशी. कसला डॉक्टर?"

"जनावराचा. पांढरी गाडी येती न्हवं तालुक्याची. सांजच्याला आली म्हनून कळलं."

"ती ही नव्हे. ही आमची गाडी आहे. फिरायला आलोय."

आबांनी दारातून डोकावून पाहिलं. दोन कुत्री त्यांच्याकडे बघत होती. "मग ही कुत्री कुटल्या गावची? इंजेक्शनाला आनलीत?"

"आमचीच आहेत ती."

"आनि पलंग?"

"आम्ही झोपतो त्यावर."

आबांना ते पटेना. डालगीवाली एक बाई पुढं आली, तिनं विचारून आत पाय टाकला, नळ सोडून बघितला, शेगडीला हात लावला, पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं. मग मला म्हणाली, "सगळं घरावानी हाय. मग घर सोडून कशापायी आलात?"

  मी म्हटलं, "कुत्र्यांना ठेवायला कोणी नाही, म्हणून घरच घेऊन निघालो."

"मंजी कुत्र्यांपायी," ती म्हणाली आणि बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "कुत्र्यांपायी हाय समदं!" सगळ्यांना ते एकदम कळलं. आबा बैल घेऊन वळले, कोंबड्या गेल्या. म्हातारी मात्र जागची हलेना.

"माझी शेळी अडलीया," ती म्हणाली. "पहाटंपासनं कळा देतीया. तुमी डाक्टर न्हाई तर न्हाई, फोन तर करा कुनाला. माझ्याकडं न्हाई फोन."

ह्यांनी तळेगावच्या आमच्या डॉक्टरांना लावला. त्यांनी तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर दिला, तिथले डॉक्टर दुसऱ्या गावी होते. येतो म्हणाले, पण वेळ लागेल. तोवर शेळीला सावलीत, कोरड्या जागी ठेवा, धावपळ करू नका, गरम पाणी तयार ठेवा. सावली होती ती गाडीच्या दारापाशी, आणि कोरडी जागा हवी म्हणून ह्यांनी कुत्र्यांची गादी खाली टाकली. शेळी तिच्यावर लगेच बसली.

तांबडा, जो रिक्षापासून विमानापर्यंत सगळ्यांवर भुंकतो, शेळीचा एक आवाज ऐकून पलंगाखाली गेला. हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची फक्त शेपटी बाहेर होती. काळी दारात बसून वास घेत राहिली, नाकपुड्या सारख्या हलत होत्या. ती पुढं गेली नाही आणि मागंही सरली नाही.

मी शेगडीवर पातेलंभर पाणी तापवलं, मग आणखी एक. म्हातारी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याशी बोलत होती. मला म्हणाली, "हिच्या आयचं मी केलं. पर आता हात कापत्यात माझं. तुमी जरा धरा हितं." मी शेळीचं डोकं धरलं. आयुष्यभर फळ्यावर सस्तन प्राण्यांचं जनन शिकवलं होतं, आणि प्रत्यक्षात मला एवढंच सुचत होतं की तिचे डोळे आडवे कसे दिसतात. जवळून बघितले तर बाहुली खरंच आडवी असते, पिवळ्या पिठात ठेवलेल्या काळ्या काडीसारखी.

डॉक्टर यायच्या आत शेळीनं स्वतःच जोर केला. आधी दोन खुरं दिसली, त्यांवर टेकवलेलं नाक, आणि मग म्हातारीनं हलक्या हातानं ओढलं तसं करडू गादीवर घसरून आलं. थोड्या वेळानं दुसरं. पहिलं लगेच शिंकलं. दुसरं हललं नाही. म्हातारी म्हणाली, "चोळा, चोळा त्याला," आणि हाताला लागला तो कुत्र्यांचा टॉवेल. हे जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्या करडाची छाती, पाठ चोळू लागले. एखाद्या बंद पडलेल्या पंपावर काम करावं तसे, खाली मान घालून. मी बघत होते. करडाच्या तोंडातून चिकट पाणी आलं, मग ते एकदा खाकरलं. ह्यांनी मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

"जगलं," म्हातारी म्हणाली. "जगलं गं बाई."

तेव्हा काळी उठली. पायरीवरून खाली उतरली आणि त्या करडाच्या ओल्या पाठीवरून जीभ फिरवू लागली. मी तिला मागं ओढणार होते, तेवढ्यात शेळीनं डोकं खाली घालून तिला अशी धडक दिली की काळी कोलमडून गाडीच्या चाकाशी बसली. तिला लागलं नव्हतं, पण चेहरा असा झाला होता की म्हातारी हसायला लागली. काळीच्या पोटात कधी पिल्लं नव्हती. मग तिनं चाटायचं कुठून काढलं? करडाच्या अंगाचा वास चांगला लागला म्हणून, की आणखी कशामुळे? ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

डॉक्टर आले, तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि आमची गाडी आतून बघून गेले. आम्ही निघायचं ठरवलं. हे गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि मागचं डावं चाक जागेवर फिरत राहिलं. उतरून पाहिलं तर चाक चिखलात अर्धं रुतलं होतं. सकाळपासून हात धुतलेलं, पातेली विसळलेलं, टॉवेल पिळलेलं सगळं पाणी बेसिनमधून ज्या नळीनं खाली जात होतं, तिचं तोंड ह्यांनी बरोबर त्या चाकापाशी सोडलं होतं. पावसाळ्यानं आधीच मऊ झालेली जमीन. आम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचा खड्डा खणला होता.

"सिलिंडर बाहेर, हे बरोबर केलंत," मी म्हटलं.

"नळीचं आता बोलू नकोस," हे म्हणाले.

बैलवाले आबा ट्रॅक्टर घेऊन आले. पण ट्रॅक्टर लावायच्या आधी जेवून घ्या म्हणाले, म्हातारीचा निरोप होता. तिच्या घरी भाकरी, पावट्याची आमटी आणि भात झाला. मुक्काम वाढला तो वाढलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक निघालं. निघताना म्हातारीनं बाटलीत दुसऱ्या शेळीचं दूध दिलं आणि कुत्र्यांची गादी, जी आता आमच्या काही उपयोगाची नव्हती, ती करडांना ठेवून घेतली. "तुमची कुत्री बसत्याल कशावर?" असं तिनं विचारलं तेव्हा पलंगावर तांबडा आधीच पसरला होता.

दुधिवरे खिंडीच्या वळणांवर तांबड्याला गाडी लागली आणि तो त्याच पलंगावर ओकला. मी चादर काढून डिकीत टाकली. काळी खिडकीला नाक लावून बसली होती, तिला काही झालं नाही. वर पोचल्यावर धुकं लागलं आणि लोणावळ्यापर्यंत हे वायपर चालू ठेवून, हॉर्न वाजवत आले.

आपांच्या सोसायटीच्या फाटकावर लोखंडी कमान होती. आम्ही शेकडो वेळा तिच्याखालून गेलो होतो, मान वर करून कधी पाहिली नव्हती. गाडीचं छत गेलं असतं, छतावरचं हवेचं झाकण गेलं नसतं. अंगणात लावायचा बेत तिथंच संपला. फाटकाबाहेर भिंतीलगत गाडी लावली. ह्यांनी मागचं दार उघडून ती चादर धुऊन वाळत घातली तोवर मुंबईच्या दोन मोटारी थांबल्या आणि एकानं काच खाली करून विचारलं, गरम भजी आहेत का. नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग चहा तरी?"

आपा फाटकापर्यंत आल्या होत्या, डोळे बारीक करून, हात कपाळाशी धरून. आम्ही दोघं तिथं असूनही त्या आधी गाडीकडेच बघत होत्या.

"हे काय आणलंस?" त्यांनी भावाला विचारलं.

"घर," हे म्हणाले.

"आणि ती दोघं आत आहेत?"

"आहेत."

आपांनी चार पावलं मागं घेतली. "राहू देत. तिथंच राहू देत." मग मला म्हणाल्या, "तू आधी आंघोळ कर."

ठरलं असं, की मी आपांजवळ घरात आणि हे कुत्र्यांजवळ गाडीत. ऑपरेशन नीट झालं. आपा दोन दिवस हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसून राहिल्या. मी पट्टी उचलून थेंब घालायचे. डोळ्याकडे हात नेला की त्या माझं मनगट घट्ट धरायच्या. बसून बसून कंटाळल्या म्हणून मी त्यांना रस्त्यातलं सगळं सांगितलं. नाडीचं ऐकून त्या म्हणाल्या, "तौबा." शेळीचं ऐकताना खुर्चीत पुढं सरकून बसल्या. मग विचारलं, "त्या काळीनं खरंच चाटलं?"

"खरंच."

"शेळीनं धडक दिल्यावर चावली नाही?"

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा, "का चावली नसेल?"

मी म्हटलं मला माहीत नाही. त्यानंतर त्या रोज एखादा प्रश्न विचारू लागल्या. त्यांना रंग दिसतात का. स्वप्नं पडतात का. अजान झाली की तांबडा सूर का लावतो, त्याला ती दुखते की आवडते. मी माहीत असलेलं सांगायचे आणि नसलेलं नाही म्हणायचे. आपा माझ्या 'माहीत नाही'वर खूश व्हायच्या. त्यांना वाटायचं शिकलेल्या बायका सगळ्याला उत्तर देतात.

पट्टी निघाली. काळा चष्मा आला. एका सकाळी आपा म्हणाल्या, "डोळा नवा झालाय, तर काहीतरी बघायला न्या. दरी बघून किती वर्षं झाली." त्यांच्याकडे गाडी नव्हती, रिक्षात त्यांना बसवत नाही. उरली आमची गाडी. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी जाळीकडे बघितलं. "पुढं बसा आपा, जाळी आहे," हे म्हणाले. "लाळ येणार नाही. मी पुढच्या सीटवर धुतलेली चादर घालतो."

आपा पुढं बसल्या, सरळ, पिशवी मांडीवर, पाठ सीटला न टेकवता. मी मागं कुत्र्यांबरोबर, पलंगावर. आम्ही वर पॉइंटवर गेलो. गाडी कठड्याकडे तोंड करून लावली आणि समोर काहीच नव्हतं. दरी नाही, डोंगर नाही, कठडाही अर्धाच. सगळं पांढरं. आम्ही वाट बघितली. कणीसवाला आला, शेंगावाला आला, धुकं तसंच. आपांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"डोळा नीट झाला ना रे?" त्यांनी घाबरून विचारलं.

"झालाय आपा. आम्हालाही हेच दिसतंय."

त्या जरा सैल झाल्या. तेवढ्यात काळी जाळीपाशी गेली आणि आपांच्या मानेमागं नाक लावून हुंगायला लागली. गरम श्वास लागला तशा आपा दचकून वळल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आपांनी तिला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"हिचं तोंड पांढरं आहे," आपा म्हणाल्या. "तुम्ही काळी म्हणता."

"पूर्वी होती काळी. वय झालं."

"भुवयाही पिकल्यात गं हिच्या." मग भावाला, "ही माझ्याकडे असं काय बघते?"

"तुमच्या डोळ्यातल्या औषधाचा वास येत असेल," मी म्हटलं.

"औषधाचा कशाला? पिशवीत बिस्किटं आहेत माझ्या." त्यांनी पिशवीतून एक बिस्किट काढलं, दोन बोटांत टोकाला धरलं, जाळीतून आत सरकवलं आणि हात असा झटकन मागं घेतला की ते तांबड्यानं पळवलं. आपा रागावल्या. "तुला नाही दिलं! तिला दिलं." दुसरं काढलं. या वेळी त्यांनी ते काळीनं घेईपर्यंत धरून ठेवलं. मग पाण्याच्या बाटलीनं, खिडकीबाहेर हात काढून, बोटं धुतली. पुन्हा पुन्हा धुतली. आणि तिसरं बिस्किट काढलं.

धुकं काही उठलं नाही. कणीस खाऊन आम्ही उतरायला लागलो. खाली येता येता ते विरळ झालं आणि बाजार लागला. आपांनी पाठ टेकवली होती. त्या खिडकीकडे तोंड करून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागल्या. चिक्कीची दुकानं, लॉजची नावं, दवाखाने, खोली भाड्यानं मिळेल, इथं गाडी लावू नये. अगदी बारीक अक्षरातली एक लांबूनच वाचली, तेव्हा ह्यांनी विचारलं, "दिसलं तुम्हाला ते?"

"दिसलं की," आपा म्हणाल्या. "हळू चालव. ती पुढची राहिली."